रोजचे निर्णय आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. उपदेशात यातले फार थोडे येतात. घरी मात्र रोज यांच्याशीच गाठ असते: नोकरी, स्थळ, कर्ज, जमिनीची वाटणी, दवाखाना, शेजारघरून आलेला प्रसाद. मी मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले. कॅथलिक परंपरेतलं जे उपयोगी वाटलं तेही मोकळेपणाने घेतलं आहे. वचनांचे संदर्भ दिले आहेत, ते स्वतः उघडून वाचा.

देवाने माझ्यासाठी एकच वाट ठरवून ठेवली आहे आणि ती मला शोधून काढायची आहे, असं आहे का?

ही भीती मनात घेऊन जगणारी कितीतरी तरुण मुलंमुली मी पाहते. कॉमर्स घ्यावं की सायन्स, पुण्याची नोकरी धरावी की गावाकडची, प्रत्येक ठिकाणी एक दार देवाचं आणि बाकी सगळी चुकीची असं त्यांना वाटतं. मग निर्णयच होत नाही. महिने जातात, आणि शेवटी घरातलं कोणीतरी वैतागून ठरवून टाकतं.

बायबलमध्ये ‘देवाची इच्छा’ हे शब्द येतात तेव्हा बहुतेक वेळा ती इच्छा पुढच्याच ओळीत उघड सांगितलेली असते. तुमचं पवित्रीकरण व्हावं (१ थेस्सलनीकाकरांस ४:३). सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी (५:१८). मीखा ६:८ मध्ये न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं आणि देवासमोर नम्रपणे चालणं. हे कळायला दृष्टान्त लागत नाही, पाळायला मात्र आयुष्य लागतं. आणि या चौकटीत बसणारे दोनतीन पर्याय समोर असले, तर पौल सरळ मोकळीक देतो: विधवेला पुन्हा लग्न करायचं असेल तर तिने तिच्या मर्जीच्या माणसाशी करावं, फक्त ते प्रभूमध्ये असावं (१ करिंथकरांस ७:३९).

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ यासाठी फार मोलाचा आहे. पौल आशिया प्रांतात वचन सांगायला निघाला, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे वळायला गेला, तिथेही जाऊ दिलं नाही. मग त्रोवसला रात्री मासेदोनियातल्या माणसाचा दृष्टान्त झाला. एवढा मोठा प्रेषित, पण त्यालाही पुढचा नकाशा आधी मिळाला नव्हता. समोर जे योग्य दिसलं त्या दिशेने तो निघाला, आणि देवाने त्याला वाटेत वळवलं. दोनदा अडवला गेला म्हणून तो देवाच्या मर्जीबाहेर पडला, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

या पानावरच्या सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं हेच आहे. निर्णय घेण्याची जबाबदारी देवाने आपल्यावर विश्वासाने सोपवली आहे. मनाचं नवीकरण होऊन पारख येते, असं रोमकरांस १२:२ सांगतं. ही पारख रोजच्या वागण्यातून येते, आणि ती आली की छोट्यामोठ्या गोष्टीसाठी चिन्हं शोधत बसावं लागत नाही.

मग प्रार्थना कशासाठी? आणि किती दिवस करायची?

नहेम्या पाहा. तो पारसच्या राजाच्या पदरी होता. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. राजाशी तो बोलला नीसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने उपास, रडणं आणि प्रार्थना. पण राजाने “तुला काय हवं?” असं विचारलं त्या क्षणी तो पुन्हा चार महिने मागत नाही. मनातल्या मनात देवाची प्रार्थना करतो आणि लगेच उत्तर देतो (नहेम्या २:४-५). उत्तरही कसं, तर पूर्ण तयारीचं: किती दिवस लागतील, वाटेवरच्या अधिपतींना पत्रं, लाकडासाठी राजाच्या वनाच्या रखवालदाराला पत्र. यरुशलेमला पोचल्यावर कोणाला काही सांगण्याआधी रात्री जाऊन तो तट स्वतः बघून येतो.

त्याच्या प्रार्थनेने त्याचं नियोजन थांबलं नाही, उलट त्याला कामाला लावलं. त्यामुळे “आम्ही प्रार्थना करतोय” म्हणणाऱ्याला मी विचारते, चौकशी कुठवर आली? शाळेची फी किती, घरापासून किती लांब, बस आहे का, आधीच्या पालकांचं म्हणणं काय? हे विचारणं अविश्वासाचं लक्षण नाही. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, हे प्रभू येशूनेच सांगितलं आहे (लूक १४:२८).

ज्ञान उणं असेल तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता देतो, असं याकोब १:५ म्हणतं. मागायचं ते शहाणपण. तयार उत्तर मिळेल असं तिथे म्हटलेलं नाही.

बायबल कुठेही उघडावं आणि ज्या वचनावर बोट पडेल ते देवाचं उत्तर समजावं, हे चालतं का?

नाही. आपल्या कितीतरी घरांतल्या आज्या हे करत आल्या आहेत, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, तरी नाही. अरण्यात सैतानाने प्रभूला ९१ व्या स्तोत्रातलंच वचन ऐकवलं होतं (मत्तय ४:६). शब्द देवाचे होते, वापर भलताच होता. येशूने उत्तर दिलं तेही वचनानेच, पण ज्याला सगळं शास्त्र ठाऊक आहे अशा माणसाने दिलेलं.

रोज क्रमाने वाचा. आज वाचलेलं आजच्या प्रश्नाला लागू नसलं तरी वाचा. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, महिनाभर रोज एक वाचायला सोयीचे.

गिदोनाने लोकर ठेवून, दव फक्त तिच्यावरच पडावं, अशी खूण मागितली. मी का मागू नये?

शास्ते, अध्याय ६ सुरुवातीपासून वाचा. लोकर ठेवण्याआधीच देवाने गिदोनाला काय करायचं ते स्पष्ट सांगितलं होतं (६:१४). लोकर ही त्याच्या डळमळीत मनाची मागणी होती, आणि देवाने दयेने ती पुरवली. चिठ्ठ्यांचंही तसंच आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली खरी (प्रेषितांची कृत्ये १:२६), पण पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला आणि त्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात दिसत नाही. अध्याय १५ मधला मोठा वाद त्यांनी एकत्र बसून, पेत्राचं, बर्णबाचं, पौलाचं ऐकून, शास्त्र पाहून सोडवला, आणि निर्णयाच्या पत्रात ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असं लिहिलं. त्या ‘आम्हांला’ शब्दाचा मला फार आधार वाटतो.

“माझ्या मनाला शांती वाटतेय” एवढं पुरेसं आहे?

योना देवापासून पळताना तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता आणि वादळात ते तारू फुटायच्या बेतात होतं. प्रभू येशू मात्र गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध असताना व्याकूळ झाला होता, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. शांती देवाची देणगी आहे हे फिलिप्पैकरांस ४:७ मध्ये आहेच. पण सुटकेचा नि:श्वास म्हणजे शांती नव्हे. अवघड फोन करायचा टाळला की आपल्याला बरं वाटतं, तेवढ्याने टाळणं योग्य ठरत नाही.

कॅथलिकांच्या जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचं शिक्षण इथे घेण्यासारखं आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवी, कधी संतांसारखं जगायची. रमताना दोन्ही गोड वाटत. फरक नंतर कळे: पहिल्याने मन कोरडं पडे, दुसऱ्याने आनंद टिकून राही. भावना नंतर कुठे नेऊन सोडते याकडे लक्ष द्यायला तो तिथे शिकला. त्याने घालून दिलेला एक नियम मी कोणालाही सांगते: मन अंधारलेलं, खचलेलं असताना, आधी स्थिर मनाने घेतलेला निर्णय बदलू नका. भांडणाच्या रात्री राजीनामा लिहू नका, आणि प्रियजन गेल्यावर पंधरवड्यात घर विकायला काढू नका.

त्याच परंपरेत झोपण्यापूर्वी दिवस आठवून पाहण्याची रीत आहे. आज देवाच्या जवळ कधी होतो, दूर कधी गेलो, कोणाची क्षमा मागायची आहे. दहापंधरा मिनिटं पुरतात. निर्णयाची पारख वाढवणारी यापेक्षा साधी सवय मला माहीत नाही.

सल्ला कोणाचा घ्यावा? पाळकसाहेब म्हणतील तेच करावं का?

पुष्कळ सल्लागार असले की बेत सिद्धीस जातात, असं नीतिसूत्रे १५:२२ सांगतं. पण रहबाम राजानेही सल्ला घेतलाच होता (१ राजे १२). आधी म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांचं पटलं नाही, मग सोबत वाढलेल्या मित्रांना विचारलं, कारण ते त्याच्या मनातलंच बोलणार होते. राज्याचे दोन तुकडे झाले. तेव्हा तुम्ही कोणाला विचारता यासोबत कोणाला विचारायचं टाळता हेही तपासा. ज्या मावशींना तोंड दाखवायला नको वाटतंय, बहुधा त्यांच्याशीच बोलायला हवं.

पाळकांचा मान ठेवा. त्यांनी अनेक घरांची सुखदुःखं जवळून पाहिलेली असतात. पण विवेक त्यांच्या हाती देऊन मोकळं होऊ नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या आईसारखं मानत, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून धर्ममतांवर कडाडून वाद घातला. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, दुसरं तसंच जोखड आता मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. नातं तोडलं नाही, आणि स्वतः शास्त्र वाचणंही सोडलं नाही. सल्ला घेताना हीच रीत धरावी असं मला वाटतं.

सभेत एकाने सांगितलं, “देवाने मला तुझ्यासाठी संदेश दिलाय, या मुलाशीच लग्न कर.” काय करू?

ऐकून घ्या, आणि पारखा. ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा’ (१ थेस्सलनीकाकरांस ५:२१). १ राजे, अध्याय १३ मुद्दाम वाचा. यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला, इथे जेवू नकोस, अशी स्पष्ट आज्ञा होती. बेथेलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याने, मला देवदूताने सांगितलं, अशी थाप मारून त्याला घरी नेऊन जेवू घातलं. परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. तुम्हाला जे स्पष्ट कळलंय ते दुसऱ्याच्या दृष्टान्तापायी सोडू नका.

संदेश देणाऱ्याला त्यातून पैसा, मान किंवा ताबा मिळणार असेल तर दहा पावलं मागे सरा. आणि “कोणाला सांगू नकोस” अशी अट घातली असेल तर त्याच दिवशी घरी सांगा.

स्थळ बघताना विश्वास कसा आणायचा?

उत्पत्ती २४ मध्ये अब्राहामाच्या सेवकाने मागितलेली खूण नीट बघा. मुलीने मला पाणी द्यावं आणि आपण होऊन उंटांनाही पाजावं. त्याच्याजवळ दहा उंट होते. तहानलेल्या दहा उंटांना घागरीने पाणी पाजणं म्हणजे घाम काढणारं काम. म्हणजे खूणच मुळात स्वभावाची परीक्षा होती. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात हे दिसत नाही. मुलगा हॉटेलातल्या वेटरशी कसा बोलतो, मुलगी म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेते का, रागावल्यावर दोघं काय करतात, हे पाहायला वेळ द्या. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी घरचे म्हणतात, मुलीला बोलावून तिलाच विचारू या (२४:५७). रिबेका “जाते” म्हणाली तेव्हाच ती गेली.

एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्यात बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी स्थळ बघताना मूळची जात विचारली जाते, कधी उघड, कधी आडनावावरून. ‘ख्रिस्तात तुम्ही सर्व एक’ हे गलतीकरांस ३:२८ लग्नाच्या पत्रिकेवर छापायचं आणि बैठकीत जात काढायची, हे थांबलं पाहिजे.

रविवारची ड्युटी असलेली नोकरी घ्यावी का? नोकरी सोडून सेवेत जावं का?

नर्स, बसचालक, पोलीस, हॉटेलातले कर्मचारी, यांचे रविवार जाणारच. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही वर काढावा लागतो (लूक १४:५), आणि वॉर्डात माणसं असतात. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. इतरांनी आठवड्यातली एखादी प्रार्थनासभा पक्की धरावी. बघायचं ते हे की ही नोकरी तुम्हाला वर्षभर मंडळीपासून आणि विश्रांतीपासून तोडणार आहे का. तसं असेल तर चार हजार जास्त मिळाले तरी ती महाग पडते.

सेवेत जाण्याबद्दल दोन्ही उदाहरणं आहेत. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारायला घेतला. पौल मात्र करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३) आणि त्याची सेवा त्यामुळे उणी झाली नाही. घरात लहान मुलं, डोक्यावर कर्ज आणि बायकोची संमती नाही, अशा वेळी पौलाची वाट आधी तपासा.

मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहू का? नाही म्हटलं तर नातं तुटेल.

जामीन राहण्याविषयी नीतिसूत्रे इतक्या कडक शब्दांत बोलतात की आश्चर्य वाटतं. अध्याय ६, ओवी १ ते ५: शब्दात अडकला असलास तर झोप येऊ देऊ नकोस, जा, गयावया कर आणि सुटका करून घे. आपला कायदाही तेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेला आधी मेहुण्याच्या मागे लागलंच पाहिजे असं नाही, ती थेट तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. “नुसती सही तर करायची आहे” हे वाक्य जिथे ऐकाल तिथे सावध व्हा.

मग प्रेमाचं काय? मला व्यवहारात हे योग्य वाटतं: परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे असतील तर ते सरळ द्या, मदत म्हणून. तेवढे नसतील तर मेहुण्यासोबत बसून त्याचा धंद्याचा हिशोब बघा, सोबत बँकेत जा, त्याच्या घरी महिन्याचा किराणा भरा. सही सोडून करता येण्यासारखं पुष्कळ असतं. आणि नकार द्यायचाच तर “बघू, प्रार्थना करतो” म्हणून लोंबकळत ठेवू नका. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या (मत्तय ५:३७). आज स्पष्ट ‘नाही’ ऐकलेला माणूस उद्या दुसरीकडे प्रयत्न करू शकतो.

लग्नासाठी कर्ज काढण्याबद्दलही विचारलं जातं. पाचशे माणसांच्या जेवणासाठी सोनं गहाण टाकू नका. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला होता, तरी ते लग्न आजही आपण प्रत्येक विवाहविधीत आठवतो.

वडिलांची जमीन आहे. बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं ठरलंय. यात विश्वासाचा काय संबंध?

सगळाच आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५, ख्रिस्ती कुटुंबांना लागू होतो (गोव्यात वेगळा नागरी कायदा आहे). मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं सर्व मुलांमध्ये सारखं, मुलगा असो की मुलगी. सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर आपला वाटा मागायला उभ्या राहिल्या तेव्हा, त्या बोलतात ते बरोबर आहे, असं परमेश्वराने सांगितलं (गणना २७:७).

बहीण राजीखुशीने सोडत असेल तर सोडू द्या. पण ‘राजीखुशी’ म्हणजे काय ते प्रामाणिकपणे बघा. तिला तिच्या वाट्याची आजची किंमत आकड्यात सांगितली का? कागद वाचायला घरी नेऊ दिला का? नाही म्हणाली असती तरी रक्षाबंधनाला आणि नाताळला तिचं माहेर तसंच राहिलं असतं का? भावाला वाटणी करायला सांगा, असं एकाने येशूला म्हटलं तेव्हा त्याने निवाडा केला नाही, ‘सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा’ असं बजावलं (लूक १२:१३-१५). रोज प्रार्थना करणारी घरंसुद्धा या एका सहीशी येऊन अडखळतात. म्हणून हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो.

गणपतीत शेजारच्या काकू प्रसाद आणून देतात. घ्यावा का?

महाराष्ट्रात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न दरवर्षी पडतो, आणि मंडळीत यावर एकमत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेलं इतकं आपल्या परिस्थितीसारखं आहे की ते सावकाश वाचायला हवं. तो तीन प्रसंग वेगळे करतो. मूर्तीच्या मंदिरात पंगतीला बसणं, हे नको (१ करिंथकरांस १०:१९-२१). बाजारात विकत मिळतं ते, चौकशी न करता खा (१०:२५). कोणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१०:२७-२८). मूर्ती काही नाही हे ठाऊक असूनही, दुसऱ्याला अडखळण होत असेल तर मी मांसच खाणार नाही, हे तो आधी ८:१३ मध्ये सांगून बसला आहे.

यातून माझं मत असं झालं आहे. दिवाळीचा फराळ हा फराळ आहे, प्रसाद नव्हे. चकली खुशाल खावी. पूजेचा प्रसाद म्हणून दिलेलं मी खात नाही, आणि काकूंना तसं हसून, आदराने, एकदाच सांगून ठेवलं की प्रश्न सुटतो. “तुमच्यासाठी नैवेद्याआधीच वेगळे काढून ठेवलेत” म्हणून मोदक घेऊन येणाऱ्या शेजारणी मी पाहिल्या आहेत. जे श्रद्धेने खातात त्यांना मी दोष देत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, हे रोमकरांस १४:३ मध्ये आहे. घरात नुकताच विश्वासात आलेला कोणी असेल तर त्याच्या मनाचा विचार आधी.

दारातून ताट परत पाठवणं, तोंड वाकडं करणं, मुलांदेखत घाणेरडं बोलणं, हे मात्र कुठल्याच वचनात बसत नाही. आणि नाताळला करंज्या आणि केकचं ताट त्यांच्या घरी सर्वांत आधी जाऊ द्या.

आजारात दवाखाना आधी की प्रार्थना?

दोन्ही, त्याच दिवशी. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्याने प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी पंधरा वर्षं दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं (यशया ३८:५, २१). शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, ते याच विश्वासाने.

कोणी “औषध बंद कर, तुझा विश्वास कमी आहे” म्हणालं तर ऐकू नका. क्षयाचे औषधोपचार सहसा किमान सहा महिने चालतात. मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या मुलाबाळांनाही धोका वाढतो. सरकारी केंद्रात ही औषधं मोफत मिळतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासकाळातला उपासही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पाळक बरे होण्यासाठी हात ठेवून प्रार्थना करतील, रिपोर्ट डॉक्टर वाचतील.

‘चहापाणी’ दिल्याशिवाय काम होत नाही. काय करणार?

लाच डोळसांना आंधळं करते (निर्गम २३:८). भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. काम उशिरा होईल, हे धरूनच चाला. मंडळीने अशा माणसाला एकटं पाडू नये, सोबत कचेरीत जायला दोघं निघाले तरी पुष्कळ बळ येतं.

नवराबायकोचं एकमत होत नसेल तर?

थांबता येत असेल तर थांबा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं ताटातुटीची, फार यातनेची होती. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःला पटल्यावर. एकाने दुसऱ्याला वचनं ऐकवून नमवलेला निर्णय घरात टिकत नाही. वचनाचा असा वापर करूही नये.

निर्णय चुकला, आता कळतंय. आता काय?

यहोशवा ९ मध्ये गिबोनी लोक आपण दूरदेशीचे आहोत असं भासवायला शिळ्या भाकरी आणि फाटके बुधले दाखवून इस्राएलला फसवतात. परमेश्वराचा सल्ला न घेता करार केला, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तरी दिलेला शब्द इस्राएलने पाळला, आणि पुढच्याच अध्यायात त्याच गिबोनला वाचवायला यहोशवा रात्रभर चालून गेला. चुकीने घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते, चुकून निवडलेला कोर्स, घाईत स्वीकारलेली जबाबदारी, यांतून देवासोबत पुढे चालता येतं.

याला एक मर्यादा आहे. इफ्ताहाने अविचाराने नवस बोलून तो पाळला (शास्ते ११), आणि त्यात त्याच्या मुलीचा बळी गेला. घरात मारहाण होत असेल, मुलांचा जीव धोक्यात असेल, तर “लग्नात शपथ घेतली होती” म्हणून तिथे राहू नका आणि कोणाला राहायला सांगूही नका. आधी सुरक्षित ठिकाणी पोचा. बाकीचं नंतर बोलता येईल.

उद्या सकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. एवढ्या कमी वेळात कसं ठरवू?

आधी घाई खरी आहे का ते बघा. “ऑफर आजच्यापुरतीच” म्हणणाऱ्या विक्रेत्याला दोन दिवस मागा. तो देत नसेल तर व्यवहार सोडा. कंपनीचं ऑफर लेटर असेल तर एचआरला फोन करून सोमवारपर्यंतचा वेळ मागायला हरकत नाही, बहुतेक वेळा तो मिळतो.

घाई खरी असेल तर १ शमुवेल २५ मधली अबीगईल आठवा. चाकराने येऊन सांगितलं की तिच्या नवऱ्याने, नाबालाने, दाविदाच्या माणसांचा अपमान केलाय आणि आता घरावर संकट येतंय. तिने त्याचं पुरतं ऐकून घेतलं. कोणाचा जीव जाणार आहे ते ओळखलं. हाताशी काय आहे ते पाहिलं: दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं, हुरडा, मनुका, अंजिरं. गाढवांवर लादून ती निघाली. नवऱ्याला तेव्हा सांगितलं नाही, कारण तो ऐकण्याच्या स्थितीत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याची नशा उतरल्यावर, तिने झालेलं सगळं त्याला स्वतः सांगितलं.